अर्धा मिलिलिटर पुरे: हवेत आपोआप पेटणारं संयुग दाखवताना

दरवर्षी नवे संशोधक विद्यार्थी आले की पहिल्या आठवड्यात मी त्यांना टर्शरी-ब्युटिल लिथियम पेटताना दाखवते. काडी नाही, ठिणगी नाही, जवळपास कुठेही आच नाही. सुईच्या टोकाशी थेंब येतो आणि हवा लागताच पेट घेतो. देखावा पंधरा-वीस सेकंदांचा. त्याची तयारी आदल्या दिवशी दुपारी सुरू होते आणि मागची आवराआवर सावकाश तास-दीड तास चालते. पेटवणं कोणालाही जमतं, हवा ते काम फुकट करून देते. म्हणून मी इथे जास्त लिहिणार आहे ते आधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दल.

आधी एक गोष्ट ठासून सांगते. हे प्रात्यक्षिक ज्यांचा हात श्लेन्क लाइनवर (हवा न लागू देता काम करायच्या निर्वात-नायट्रोजन नळ्यांच्या मांडणीवर) रोज बसतो, ज्यांनी अशी संयुगं अनुभवी माणसाच्या नजरेखाली अनेकदा सिरिंजमध्ये घेतली आहेत आणि ज्यांच्याकडे नीट ओढ असलेलं फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून घेणारं काचेचं कपाट) आहे, त्यांच्यासाठीच. सभागृहात, मैदानावर, शाळेच्या वर्गात किंवा घरी ते करायचं नाही. शाळेतल्या मुलांना हवेत आपोआप पेटणारं काहीतरी दाखवायचं असेल, तर फेरस ऑक्झलेट परीक्षानळीत तापवून मिळणारी लोखंडाची बारीक पूड आहे. ती हवेतून खाली पडताना सुंदर ठिणग्या देते आणि शिक्षकांच्या आवाक्यात राहते.

मग हेच संयुग का? डायइथाइल झिंक आहे, ट्रायमेथाइल ॲल्युमिनियम आहे, ट्रायइथाइल बोरेनची हिरवी ज्योत तर डोळ्यांत भरते. रॉकेटची इंजिनं पेटवायला ट्रायइथाइल बोरेन आणि ट्रायइथाइल ॲल्युमिनियमचं मिश्रण वापरतात, चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्याची इंजिनंही त्यानेच पेटत. पण माझे विद्यार्थी पुढच्या महिन्यात स्वतःच्या हाताने सिरिंजमध्ये घेणार आहेत ते टर्शरी-ब्युटिल लिथियम. ज्याच्याशी रोज गाठ पडणार, त्याचीच ओळख करून द्यावी.

अर्ध्या मिलिलिटरचा हिशोब

हे संयुग बहुधा पेंटेन या द्रावकातलं १.७ मोलर (लिटरमागे १.७ मोल) द्रावण म्हणून मिळतं. मी दाखवायला ०.५ मि.लि. घेते आणि आकडे आधी फळ्यावर मांडते. अर्ध्या मिलिलिटरमध्ये ०.८५ मिलिमोल, म्हणजे जेमतेम ५४ मिलिग्रॅम संयुग. त्या अर्ध्या मिलिलिटरचं एकूण वजन साधारण ०.३३ ग्रॅम. म्हणजे वजनाने सहावा हिस्सा संयुगाचा, उरलेले पाच पेंटेनचे.

हा हिशोब मुलांना आधी पटत नाही. ज्वाळा दिसते ती मुख्यतः पेंटेनची असते, संयुग फक्त काडीचं काम करतं. पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळतं, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेटू शकते ते किमान तापमान, उणे ४९ अंश. म्हणजे खोलीच्या तापमानाला त्याची पेट घेण्याजोगी वाफ सदैव तयार असते, फक्त पेटवणारं कोणी लागतं. आणि या बाटलीत कंपनीने पेटवणारा आणि पेटणारा एकत्र भरून दिलेला असतो. एवढं समजलं की बाटलीकडे बघण्याची नजर बदलते.

प्रमाण वाढवण्याचा मोह प्रत्येक सादरकर्त्याला होतो. मागच्या रांगेला दिसत नाही, जरा दोन मिलिलिटर घेऊ, असं वाटतं. घेऊ नका. मागची रांग पुढे बोलवा, आठ-आठ जणांचे गट करा, प्रात्यक्षिक तीनदा करा. चौपट द्रव पेटला तर ज्वाळा हूडच्या काचेपर्यंत जाते आणि तुमचा हात तिच्या वाटेत असतो.

आदल्या दिवशी

पहिलं काम: मोठी बाटली प्रात्यक्षिकाच्या हूडमध्ये येताच कामा नये. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतला हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. आदल्या दिवशी मी ग्लोव्हबॉक्समध्ये (आत निष्क्रिय वायू भरलेल्या, मोजे बसवलेल्या बंद पेटीत) ५ मि.लि.च्या क्रिंप झाकणाच्या कुपीत २ मि.लि. द्रावण काढून घेते, रबरी सेप्टम (सुई आरपार जाईल असा पडदा) लावून झाकण आवळते आणि कुपीवर नाव, संहती, तारीख लिहिते. तशाच दुसऱ्या कुपीत, प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या भागासाठी, याच संयुगाच्या भावंडाचं, नॉर्मल-ब्युटिल लिथियमचं, हेक्झेनमधलं १.६ मोलर द्रावण, तेही २ मि.लि. मोठ्या बाटल्या आपल्या जागी परत. उद्या काहीही बिघडलं, तरी बिघडायला हातात एकूण ४ मि.लि.च असतील.

काच भट्टीत १२० अंशांना रात्रभर. सिरिंज काचेची, २ मि.लि.ची, आणि सुई फिरवून घट्ट बसते अशी, म्हणजे लुअर-लॉक. सुई नुसती दाबून बसवायची सिरिंज या कामाला मी हातातही घेत नाही, कारण पुढे येईलच. सिरिंज आणि दट्ट्या वेगवेगळे तापवा, एकत्र तापवले तर अडकतात. सुई २० गेजची, साधारण ३० सें.मी. लांब. एवढ्या लांब सुईच्या पोटात जवळजवळ ०.१ मि.लि. द्रव राहतो. अर्ध्या मिलिलिटरच्या हिशोबात तो पाचवा भाग होतो, तेव्हा तो धरूनच मोजायचं.

वाळू स्वच्छ, बारीक, तीही रात्रभर भट्टीत आणि मग डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार होऊ द्यायची. १० सें.मी. व्यासाच्या चिनी मातीच्या बशीत सेंटिमीटरभर थर पुरतो. वाळू कोरडी का, तर ओल असेल तर पेटवलं कोणी, हवेने की पाण्याने, हा प्रश्न उरतो. पाणी काय करतं ते आपण नंतर वेगळं दाखवणारच आहोत.

याच दिवशी एक रंगीत तालीम करा. नुसतं पेंटेन घेऊन, तेच कपडे घालून, त्याच हूडमध्ये, त्याच क्रमाने. हात कुठे आडवा येतो, नायट्रोजनची नळी कुठे अडकते, बशी किती दूर हवी, हे सगळं तालमीत कळतं. मी अनेक वर्षं हे करते आहे, तरी तालीम सोडत नाही.

अंगावर काय आणि आसपास काय

२००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन साहाय्यक हेच संयुग ६० मि.लि.च्या प्लास्टिक सिरिंजने काढत होती. दट्ट्या बाहेर आला, द्रव अंगावर उडून पेटला. अंगावर ॲप्रन नव्हता, होता तो कृत्रिम धाग्याचा स्वेटर. जवळच शॉवर असूनही तिला त्याखाली नेलं गेलं नाही. १८ दिवसांनी ती गेली. मी ही घटना दरवर्षी सांगते आणि सांगताना मला दरवर्षी जड जातं, कारण समोर बसलेली मुलं त्याच वयाची असतात. तिच्या बाबतीत जे-जे राहून गेलं त्यातली एकही गोष्ट महागाची किंवा अवघड नव्हती.

म्हणून ॲप्रन आगरोधक कापडाचा, गळ्यापर्यंत बंद. आत सुती कपडे. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. पाय झाकणारी पँट, बंद बूट, केस बांधून ॲप्रनच्या आत. गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची पूर्ण ढाल. हातमोज्यांबद्दल गैरसमज फार आहेत. पातळ नायट्राइलचे मोजे रसायनापासून क्षणभर वाचवतात, पण आगीत स्वतःच जळतात. म्हणून त्यांच्यावर आगरोधक कापडाचे किंवा पातळ चामड्याचे मोजे. बोटांची चपळाई थोडी कमी होते. त्या मोज्यांनीच तालीम केलेली असली की अडत नाही. आणि मोजे घालण्याआधी अल्कोहोलचं सॅनिटायझर हाताला लावू नका. ही सवय आता सगळ्यांना जडली आहे, म्हणून मी मुद्दाम विचारते.

हूड पूर्ण रिकामं करायचं. पूर्ण म्हणजे ॲसिटोनची धुण्याची बाटली, टिश्यूचा खोका, टाकाऊ द्रावकाचा कॅन, भिंतीवर चिकटवलेला कागद, सगळं बाहेर. आत राहणार ते असं: पोलादी ट्रे, त्यात बशी, दोन कुप्या स्टँडला पक्क्या आवळलेल्या, नायट्रोजनची नळी बबलरसकट (वायूचा प्रवाह बुडबुड्यांनी दाखवणाऱ्या नळीसकट), बर्फात ठेवलेला शमनाचा फ्लास्क (उरलेलं संयुग सावकाश निकामी करायचा), कोरड्या वाळूची बादली आणि फावडं. बशीपेक्षा मोठं एक पोलादी झाकण हाताशी. हूडची काच कोपरापर्यंत खाली, फक्त हात आत.

विझवायला पाणी नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. हे दुसरं पुष्कळांना ठाऊक नसतं. याच संयुगाची कार्बन डायऑक्साइडशी मुद्दाम अभिक्रिया घडवून आपण कार्बोक्झिलिक आम्लं बनवतो. ज्या वायूशी ते आनंदाने जोडलं जातं त्याने ते कसं विझणार? कोरडी वाळू, झाकण किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक. झाकण ठेवून विझलं तरी लगेच उचलू नका, हवा मिळाली की ते पुन्हा पेटतं. मात्र माणसाचे कपडे पेटले तर नियम उलटा: त्याला ओढत शॉवरखाली न्यायचं, पाणी भरपूर. प्रात्यक्षिकाआधी सगळ्यांना उठवून शॉवरपर्यंत चालत नेते, साखळी दाखवते आणि माणूस पेटला तर कोण ओढेल त्या दोघांची नावं ठरवते. अग्निशामक हातात धरून उभा राहणारा तिसरा, त्याने ज्वाळेऐवजी माझ्या हाताकडे बघत राहायचं. ती जबाबदारी मी नेहमी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला देते, नव्याचे डोळे ज्वाळेकडेच जातात.

आधी काहीच न घडणं दाखवा

प्रेक्षक दोन-तीन मीटरवर. बोलायचं ते सगळं आताच बोलून घ्यायचं. मग पहिला प्रयोग: बशीतल्या वाळूवर अर्धा मिलिलिटर शुद्ध पेंटेन. काही होत नाही. वाळू क्षणभर गडद होते, थोड्या वेळात उडून कोरडी होते. मुलं एकमेकांकडे बघतात. हा न घडलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण पुढे जे पेटेल ते पेंटेन आपणहून पेटलेलं नाही हे त्यानेच सिद्ध होतं. पेंटेनला आपोआप पेटायला दोनशे अंशांच्या बरंच वर तापमान लागतं.

इथे पाच मिनिटं थांबा. वाफ हूडने पूर्ण ओढून घेतल्याशिवाय आणि बशी बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या पाच मिनिटांत मी कारण सांगते.

कार्बन-लिथियम बंधात इलेक्ट्रॉन बव्हंशी कार्बनकडे ओढलेले असतात, कार्बनवर ऋणभार साठलेला असतो आणि शेजारी लिथियमच्या रिकाम्या कक्षिका (इलेक्ट्रॉनच्या जागा) उघड्या असतात. ऑक्सिजनला आत शिरायला वाट मोकळी, आणि शिरल्यावर जे लिथियम-ऑक्सिजन बंध तयार होतात ते जुन्या बंधांपेक्षा कितीतरी भक्कम. त्या फरकाची उष्णता इतक्या झपाट्याने बाहेर पडते की ती पसरायला वेळच मिळत नाही. तापमान चढतं, त्याने अभिक्रियेचा वेग आणखी वाढतो, आणि भोवतीची वाफ पेटते. याच्या शेजारी टेट्रामेथाइल सिलेन ठेवून बघा, एनएमआर यंत्रावर रेणूंची रचना तपासणाऱ्यांकडे असतंच. तोही धातूसारख्या मूलद्रव्याला चिकटलेला कार्बन, उकळबिंदू खोलीच्या तापमानाच्या आसपास, ज्योत लावली तर भडकून जळेल. पण हवेत नुसतं उघडलं तर आपणहून पेटत नाही. सिलिकॉनचं अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) भरलेलं, चारही बाजूंनी मेथाइलचा पहारा, ऑक्सिजनला शिरकाव नाही. म्हणजे धातू-कार्बन बंध आहे एवढ्याने संयुग पेटत नाही. बंध किती ध्रुवीय आहे आणि धातूजवळ जागा रिकामी आहे की नाही, हे बघावं लागतं.

पेटवताना

कुपीच्या सेप्टममध्ये आधी नायट्रोजनची बारीक सुई. बबलरमध्ये सावकाश एकेक बुडबुडा, एवढाच दाब. सिरिंज तीनदा नायट्रोजनने भरून रिकामी करून घ्यायची. मग लांब सुई कुपीत, टोक द्रवात. दट्ट्या ओढायचा नाही. किंचित दाबाने द्रव स्वतःच वर येतो, आपण दट्ट्याला फक्त आधार द्यायचा. ओढलं तर पेंटेन उकळून सिरिंजमध्ये वायूचे फुगे होतात आणि मोजमाप फसतं, जोरात ओढलं तर दट्ट्या निघून हातात येऊ शकतो. ०.५ मि.लि. झालं की सुईचं टोक द्रवाच्या वर, कुपीतल्या नायट्रोजनमध्ये आणायचं आणि थोडा नायट्रोजन आत घ्यायचा. त्याने सुईतला द्रव सिरिंजमध्ये उतरतो आणि टोकाशी वायूची गादी राहते. सिरिंज कधीही निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. मग एका हाताचं बोट दट्ट्यावर ठेवूनच सुई बाहेर काढायची.

माझा स्वतःचा नियम असा की सिरिंज भरली की तोंड बंद. यामागे एक दिवस आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत, मी भरलेली सिरिंज हातात धरून मुलांना कारणं समजावत बसले. दोन मिनिटं, फार तर तीन. तेवढ्यात सुईच्या टोकाला हवा लागून पांढरी पापडी धरली आणि भोक बुजलं. मला वाटलं दट्ट्या जड झालाय, म्हणून जोर दिला. सुई नुसती दाबून बसवलेली होती, ती सुटून उडाली. द्रव ट्रेबाहेर हूडच्या फरशीवर सांडला आणि पेटला. बाजूला टिश्यूचा खोका होता, तोही पेटला. सहकाऱ्याने फावडंभर वाळू टाकली, दुसरं फावडं टाकलं, आणि विझलं. माझ्या सुती बाहीला तळहाताएवढा काळा डाग पडला होता, आतली कातडी लाल झाली होती, बस. ॲप्रन तेव्हा साधा होता. तो डाग पडलेला ॲप्रन मी अजून ठेवला आहे आणि दरवर्षी मुलांच्या हातात देते.

तर, न बोलता, सुईचं टोक वाळूपासून पाच-सहा सेंटिमीटर वर, हात बशीच्या वर न येता बाजूने, आणि थेंब-थेंब. पहिला थेंब टोकाशीच किंवा वाळूला पोचता-पोचता पेटतो. ज्वाळा पिवळी, कडांना लिथियमचा किरमिजी लाल रंग. वरून पांढरा धूर. पाचेक सेकंदांत सिरिंज रिकामी. ती लगेच बशीपासून दूर न्यायची आणि सुई शमनाच्या फ्लास्कमधल्या कोरड्या हेप्टेनमध्ये बुडवायची. दोनदा हेप्टेन आत-बाहेर करून धुवायची, आत्ताच, ज्वाळा जळत असतानाच. दहा मिनिटांनी धुवू म्हटलं तर दट्ट्या काचेला धरतो आणि सिरिंज फेकून द्यावी लागते.

ज्वाळा आपली आपण विझते. मगच मी बोलायला लागते.

न पेटण्यातला धोका

दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नवी सिरिंज, नवी सुई, दुसऱ्या कुपीतलं नॉर्मल-ब्युटिल लिथियम. काचेच्या घड्याळबशीवर (उथळ गोल काचेवर) चार-पाच थेंब. बहुतेक वेळा ते पेटत नाही. धूर येतो, थेंब गढूळ होऊन पांढरट साय धरतो, आणि मुलांच्या चेहऱ्यावर हे मवाळ दिसतंय असा भाव येतो. मग तेवढेच थेंब दुमडून खळगा केलेल्या कोरड्या फिल्टर पेपरवर. कागद तपकिरी होतो, काळवंडतो, आणि कधीकधी ज्वाळा उठते. हवा दमट असेल तर जास्त वेळा.

कागदावर द्रव पातळ पसरतो, हवेला मोठा पृष्ठभाग मिळतो, आणि काच जशी उष्णता शोषून घेते तशी कागद घेत नाही. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांची जी चाचणी आहे तीही अशीच: आधी निष्क्रिय वाहक पदार्थावर ५ मि.लि. ओतून ५ मिनिटं बघायचं, पेटलं नाही तर ०.५ मि.लि. फिल्टर पेपरवर टाकून पुन्हा ५ मिनिटं. कागद पेटला किंवा नुसता काळवंडला, तरी तो द्रव आपोआप पेटणाऱ्यांत धरतात.

आता टेबलावर दोन थेंब सांडले तर माणूस पहिल्यांदा काय उचलतो? टिश्यू. इथे मी थांबते आणि मुलांना ते स्वतः म्हणू देते. सांडलेलं पुसायचं नसतं, त्यावर कोरडी वाळू टाकायची असते.

आवराआवर

शमनाचा फ्लास्क म्हणजे १०० मि.लि.चा दोन तोंडांचा, आत २० मि.लि. कोरडं हेप्टेन, बर्फात गार, नायट्रोजन आणि बबलर जोडलेला. दोन्ही कुप्यांत उरलेलं द्रावण सिरिंजने त्यात, कुप्या हेप्टेनने दोनदा धुऊन तेही त्यात. ढवळत ठेवून आयसोप्रोपॅनॉल थेंबाथेंबाने, एकूण २ मि.लि. पहिल्या थेंबांना बुडबुडे येतात. तो आयसोब्युटेन आणि ब्युटेन वायू, तोही ज्वलनशील, म्हणून हे सगळं हूडमध्येच आणि वायूला बाहेर पडायला वाट ठेवूनच. बुडबुडे थांबले की मिथेनॉल, तसंच सावकाश, आणि सर्वांत शेवटी पाण्याचे थेंब. सुरुवातच पाण्याने का नाही, असं कोणीतरी विचारतंच. पाणी फार आवेशाने भिडतं, शिवाय बनलेल्या लिथियम हायड्रॉक्साइडच्या ढेकळात न मेलेलं संयुग दडून राहू शकतं. म्हणून सगळं संपलं असं वाटल्यावरही मी फ्लास्क रात्रभर हूडमध्येच सोडते आणि दुसऱ्या दिवशी टाकाऊ द्रावकात रिकामा करते.

विद्यार्थ्यांना या वेळी घरी जायचं असतं. मी त्यांना बसवून ठेवते. आयसोप्रोपॅनॉलचे शेवटचे थेंब त्यांच्यापैकीच एकाने, माझ्या शेजारी उभं राहून घालायचे असतात.

आणि मग बशी. गार झालेल्या वाळूवर पांढरट, जराशी काळपट पापडी उरलेली असते. चिमट्याने हलवून, पुन्हा धूर येत नाही हे बघून, त्यावर ओला पीएच कागद टेकवायचा. कागद गर्द निळा होतो. लिथियमचा ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, काही कार्बोनेट. ५४ मिलिग्रॅममधला बराचसा लिथियम इथे आहे, थोडा पांढऱ्या धुरातून गेला. कार्बन आणि हायड्रोजन बहुतेक ज्वाळेत जळून गेले.

पापडी बघताना मी त्यांना एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगते. १८४९ साली जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेनच्या प्रयोगशाळेत, त्याने जस्त आणि मेथाइल आयोडाइड बंद नळीत तापवलं होतं. नळी उघडून आतल्या उरलेल्या पदार्थावर पाणी टाकलं, तर कित्येक फूट लांब हिरवट-निळी ज्वाळा बाहेर आली आणि सगळीकडे घाण वास सुटला. बुन्सेनने पूर्वी आर्सेनिकच्या कॅकोडिल संयुगांवर काम केलं होतं, त्यात त्याला विषबाधा झाली होती आणि एका स्फोटात एक डोळाही गेला होता. त्याला वाटलं हे तेच असणार, जस्तात आर्सेनिक मिसळलेलं असणार आणि हा तरुण आता वाचत नाही. मग त्यांनी ज्वाळेने चिनी मातीवर पाडलेला डाग तपासला. डाग जस्ताचा निघाला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे अशा, धातूला कार्बन जोडलेल्या, संयुगांना ऑर्गॅनोमेटॅलिक हे नाव फ्रँकलंडनेच दिलं.

गोष्ट संपेपर्यंत कोणीतरी विद्यार्थिनी बशी हातात घेऊन डाग उजेडात धरून बघत असते. मी तिला हातमोजे काढायला अजून परवानगी देत नाही. पापडी सौम्य आम्लाने धुवायची आहे, वाळू वेगळ्या डब्यात टाकायची आहे, आणि रिकाम्या कुप्या उघड्या तोंडाने उद्या सकाळपर्यंत हूडमध्ये राहायच्या आहेत.